ट्रॉम्बेला न्यूट्रॉनचा बीमटाइम मागायचा आहे, प्रपोजलमध्ये नेमकं काय लिहू?

फेराइटवाला | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इथले विज्ञानाचे धागे बरेच दिवस वाचतोय, लिहायची वेळ पहिलीच. सांभाळून घ्या.

मराठवाड्यातल्या एका कॉलेजात पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. विषय कोबाल्ट-झिंक फेराइट, म्हणजे लोखंड, कोबाल्ट, झिंक यांचं चुंबकीय ऑक्साइड. (हसू नका. आमच्याकडे डोळे मिटून दगड भिरकावला तरी फेराइटवाल्यालाच लागतो, हे मला ठाऊक आहे.) सोल-जेल ऑटो-कंबश्चनने पावडरी केल्या, एक्सआरडी (एक्स-रेने रचना बघणं) झालं, व्हीएसएम (चुंबकत्व मोजणं) झालं, दोन पेपरही आले. आता सर म्हणतात, "न्यूट्रॉन करून टाक, थिसिसला वजन येईल." म्हणजे पावडरीवर न्यूट्रॉनचा झोत (बीम) टाकून तो कसा विखुरतो ते बघायचं, आणि त्यासाठी यंत्रावर मिळणारे दिवस म्हणजे बीमटाइम. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर विद्यापीठातल्या लोकांनाही मोजमापं करता येतात एवढं मला कळलंय. पुढचं विचारलं तर सर म्हणाले, "तू बघ."

तर बघतोय. अर्ज कुणाच्या नावाने, कुणाकडे जातो? पैसे पडतात का? किती दिवस मागायचे? आणि मुख्य म्हणजे ती 'सायन्स केस' की काय, म्हणजे हे मोजमाप का हवं त्याचं समर्थन, तिच्यात काय लिहायचं? मी लिहिलेल्याचा मराठी गोषवारा देतो:

"कोबाल्ट-झिंक फेराइट हे तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे पदार्थ असून त्यांचा उपयोग ट्रान्सफॉर्मर, सेन्सर, औषधे व पाणी शुद्धीकरण यांत होतो. न्यूट्रॉन डिफ्रॅक्शनने त्यांच्या रचनेचा सखोल अभ्यास केल्यास अधिक अचूक माहिती मिळेल. नमुने सहा, तापमाने तीन."

सर म्हणाले, छान आहे. पण मलाच काहीतरी कमी वाटतंय.

---

तिसरी_घंटा | सोमवार, रात्री ११:५८

विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही, तरी वाचलं. न्यूट्रॉनसाठी अर्ज करावा लागतो? आणि वर 'तारीख' मिळते? म्हणजे आमच्या नाट्यगृहासारखंच की!

---

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ७:१०

घंटाबाई, अगदी तसंच. वर गंमत म्हणजे दोन्हीकडे जे होतं त्याला 'प्रयोग'च म्हणतात. नाट्यगृहं मोजकी, नाटक कंपन्या भरपूर. तुमच्याकडे शनिवार-रविवारच्या तारखांवरून मारामारी, आमच्याकडे कमी तापमानाच्या क्रायोस्टॅटवरून. फरक एवढाच की तारीख देण्याआधी आमच्याकडे संहिता वाचतात, आणि पसंत पडली नाही तर रिकाम्या हाताने परत पाठवतात.

फेराइटवाला, मी पंधराएक वर्षांपूर्वी ट्रॉम्बेला बीमवर रात्री काढल्यात, आता सांगलीकडे शिकवतो. आधी कामाचं.

भारतात बाहेरच्या लोकांसाठी न्यूट्रॉनचं मुख्य ठिकाण म्हणजे ध्रुव. १०० मेगावॉटची संशोधन अणुभट्टी, नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी. तिच्याभोवती पावडर डिफ्रॅक्टोमीटर (तुझ्या कामाचं यंत्र हेच), सिंगल क्रिस्टल, ट्रिपल अ‍ॅक्सिस, लहान कोनांचं सॅन्स, रिफ्लेक्टोमीटर, इमेजिंग अशी यंत्रं आहेत. विद्यापीठवाल्यांसाठी सरळ वाट म्हणजे यूजीसी-डीएई सीएसआर, विद्यापीठांना अशा मोठ्या यंत्रांपर्यंत नेणारी संस्था. मुख्यालय इंदूरला, पण न्यूट्रॉनसाठी तुझं काम मुंबई केंद्राशी. त्यांचं स्वतःचं पावडर डिफ्रॅक्टोमीटरही ध्रुववर आहे. ते सहयोगी संशोधनाचे प्रस्ताव मागवतात. तो अर्ज नोकरीत कायम असलेल्या प्राध्यापकाच्या नावाने जातो, म्हणजे सरांच्या. "तू बघ" म्हणून सरांची सुटका नाही, सही त्यांचीच लागणार. सोबत केंद्रातला एक शास्त्रज्ञ सहकारी म्हणून असतो. बीमचे पैसे पडत नाहीत. योजनेत बसलात तर प्रवासखर्चही निघतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अर्जाचा फॉर्म उघडण्याआधी त्या यंत्राच्या शास्त्रज्ञाला मेल कर. सहा ओळींचा. माझ्याकडे हा पदार्थ आहे, हा प्रश्न आहे, इतके ग्रॅम आहे, तुमच्या यंत्रावर हे दिसेल का? आपल्याकडची मुलं इथेच कचरतात. एवढ्या मोठ्या माणसाला कसं विचारू! अरे, त्याचं कामच ते आहे. नंतर तुझ्याच सॅम्पलसाठी रात्री अकराला तो खाली येणार आहे, मग आधी एक मेल वाचायला त्याला काय होतंय?

प्रवेशपत्राची कागदपत्रं लवकर पाठव, ऐनवेळी धावपळ होते. मी जायचो तेव्हा फोन गेटवरच ठेवावा लागे. घरच्यांना तसं सांगून ठेव. माझ्या आईने एकदा दोन दिवस फोन लागला नाही म्हणून मामाला मानखुर्दला धाडलं होतं.

---

लालशाई | मंगळवार, दुपारी १:२५

एकेकाळी प्रपोजलं वाचणाऱ्या एका समितीवर होतो. कुठली ते सोडा. थोडं कडू लिहितो, राग मानू नये.

"अधिक अचूक माहिती मिळेल" हे वाक्य दिसलं की माझं पेन आपोआप समासात जायचं. कशाची माहिती? कुणापेक्षा अचूक? आणि न मिळाल्यास कुणाचं काय अडलंय? ट्रान्सफॉर्मर आणि पाणी शुद्धीकरण तर विसराच. तुमचा पदार्थ उपयोगी आहे म्हणून कुणी न्यूट्रॉन देत नाही. तुमच्यापाशी एक प्रश्न आहे आणि तो न्यूट्रॉनशिवाय सुटत नाही, म्हणून देतात.

तुमच्या बाबतीत असा प्रश्न आहे, आणि चांगला आहे. तुम्हीच तो लिहिला नाहीत.

स्पिनेलमध्ये, म्हणजे तुमच्या फेराइटच्या स्फटिकरचनेत, धातूंना बसायला दोन प्रकारच्या जागा. ए जागा चार ऑक्सिजनांच्या मध्ये, बी जागा सहांच्या मध्ये. झिंकला ए आवडते. कोबाल्ट बहुतांशी बी पकडतो, पण सगळाच नाही. उरलेल्या ठिकाणी लोखंड. कोण कुठे बसलंय यावर तुमच्या चुंबकत्वाचं सगळं गणित. आता एक्स-रे विखुरतात इलेक्ट्रॉनांवर. लोखंडाचे इलेक्ट्रॉन २६, कोबाल्टचे २७. एक्स-रेच्या लेखी हे दोघे जुळे भाऊ, शाळेत एकाच्या जागी दुसरा बसला तरी मास्तरांना कळायचं नाही. न्यूट्रॉन विखुरतो अणुकेंद्रकावर. तिथे लोखंडाची विकिरण-लांबी (न्यूट्रॉनला तो अणू किती ठळक दिसतो त्याचं माप) ९.४५ फेम्टोमीटर, कोबाल्टची २.४९. जवळपास चौपट! झिंक ५.६८, ऑक्सिजन ५.८०. ऑक्सिजनसुद्धा धातूंच्या बरोबरीने बोलतो, म्हणजे त्याची नेमकी जागाही हाती येते. एक्स-रेमध्ये बिचारा आठ इलेक्ट्रॉन घेऊन कोपऱ्यात उभा असतो.

दुसरी गोष्ट चुंबकत्वाची. फेराइटमध्ये ए आणि बी यांची चुंबकीय आघूर्णं (प्रत्येक अणूचा छोटा चुंबक म्हणा) एकमेकांविरुद्ध असतात, हे नील या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सांगितलं. व्हीएसएम तुम्हाला वजाबाकीचं उत्तर देतं. न्यूट्रॉन दोन्ही आकडे वेगवेगळे देतो. झिंक वाढवत नेलं की चुंबकत्व आधी वाढतं आणि मग घसरतं ना? ते घसरताना बी जागेतली आघूर्णं तिरकी होतात की नाही, हे व्हीएसएमच्या एका आकड्यावरून छातीठोक सांगता येणार नाही.

ही चार वाक्यं लिहा. बाकी अर्धं पान खोडा.

---

फेराइटवाला | मंगळवार, दुपारी ३:०२

सर, राग कसला. दोन पेपरांत मी एक्सआरडीवरून 'कॅटायन डिस्ट्रिब्यूशन', म्हणजे कोणता धातू कुठल्या जागेत ते, दिलंय. आता झोप लागायची नाही.

---

लालशाई | मंगळवार, दुपारी ३:२०

लागेल. तुम्ही एकटे नाही आहात.

---

थळकर | मंगळवार, सायंकाळी ६:४५

धागा आवडला. मी शास्त्रज्ञ नाही, अलिबागजवळ थळचा. तिथे आरसीएफच्या खत कारखान्याला लागून जड पाण्याचा प्रकल्प आहे, १९८७ पासून. साध्या पाण्यात दर दहा लाख हायड्रोजनमागे दीडशेच्या आसपास ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, असतं. ते वेचून गोळा करायचं म्हणजे रेतीतून मोहरी निवडायची. खत कारखान्याच्या वायूतून अमोनियाच्या मदतीने ते काढतात. ध्रुवमध्ये जड पाणी लागतं हे माहीत होतं, पण विद्यापीठातली पोरं तिथे येऊन मोजमापं करतात हे आजच कळलं. बरं वाटलं.

जुनी गोष्ट सांगतो. आपल्याकडची पहिली अणुभट्टी अप्सरा ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली, आशियातली पहिली. त्याच सुमारास पी. के. अय्यंगार कॅनडात चॉक रिव्हरला ब्रॉकहाउस यांच्या हाताखाली न्यूट्रॉनचं काम शिकत होते. जर्मेनियमच्या स्फटिकातल्या कंपनांवर दोघांचं काम आहे. परत आल्यावर त्यांनी ट्रॉम्बेत यंत्रं बाहेरून न मागवता इथल्याच वर्कशॉपमध्ये बनवली. मग सायरस आली, १९६० ला. ती २०१० च्या ३१ डिसेंबरला बंद झाली. ध्रुव १९८५ च्या ऑगस्टमधली. ब्रॉकहाउसना १९९४ मध्ये शल यांच्याबरोबर नोबेल मिळालं. कामाला चाळीसेक वर्षं उलटल्यावर!

बाळा, तुझ्या थिसिसच्या आभारात चार ओळी जड पाण्यालाही दे.

---

पुठ्ठा | मंगळवार, रात्री ८:३०

वाखुसा (वाचनखूण साठवली). थळकर काका, जड पाण्याचा आणखी एक उपयोग राहिला. मी साबण, शाम्पूतल्या मिसेलवाला, म्हणजे त्यांच्या रेणूंचे पाण्यात जे बारीक गोळे होतात ते बघणारा. आम्ही सॅन्सवर जातो तेव्हा सॅम्पल साध्या पाण्यात नाही, जड पाण्यातच करतो. विकिरण-लांबीच्या हिशेबात न्यूट्रॉनला हायड्रोजन उणे ३.७४ दिसतो आणि ड्युटेरियम अधिक ६.६७. एकच मूलद्रव्य, चिन्हच उलटं. साध्या पाण्यातली मिसेल म्हणजे दुधातला साबुदाणा, आहे पण उठून दिसत नाही. जड पाण्यात टाकली की चहातल्या साबुदाण्यासारखी लख्ख. दोन्ही पाण्यांचं मिश्रण करून हवा तो भाग मुद्दाम अदृश्यही करता येतो. साधारण ८ टक्के जड पाणी घातलं की पाणी न्यूट्रॉनला दिसेनासंच होतं.

चहात साबुदाणा घालून पाहू नये. मी पाहिलाय.

---

उगाच_पोस्टडॉक | मंगळवार, रात्री ११:१५ (माझ्याकडे अजून संध्याकाळ)

मी नाशिकची, सध्या युरोपात. दोन-तीन केंद्रांवर अर्ज केलेत. दोन मिळाले, तीन फेटाळले, म्हणजे अनुभव भरपूर.

इकडची मोठी दोन नावं: ग्रनोबलचं आयएलएल आणि ऑक्सफर्डशरमधलं आयसिस. आयएलएलला अणुभट्टी आहे, ५८ मेगावॉटची. ध्रुवपेक्षा शक्ती कमी, पण गाभा छोटासा आणि इंधन भारी समृद्ध, त्यामुळे न्यूट्रॉनचा प्रवाह ध्रुवच्या आठपट. आयसिसला अणुभट्टीच नाही. प्रोटॉन ८०० एमईव्ही ऊर्जेपर्यंत पळवून टंगस्टनवर आदळतात, सेकंदाला ५० ठोके, आणि त्यातून न्यूट्रॉन उडतात. दोन्हीकडे वर्षातून दोनदा अर्ज मागवतात. विषयवार समित्या ते वाचतात आणि मागणी नेहमीच उपलब्ध दिवसांपेक्षा जास्त असते. निकाल पेपरात छापणार असाल तर बीम फुकट. डेटा तीन वर्षं तुमचा, मग सगळ्यांना खुला.

पण फेराइटवाला, तुला माझा सल्ला, आधी ट्रॉम्बे. तिथला एक पॅटर्न (शिखरांचा आलेख) हातात असला की बाहेरचं प्रपोजल दुप्पट जड होतं. "इथपर्यंत आम्ही पाहिलंय, पुढचं इथे दिसत नाही, म्हणून तुमच्याकडे येतोय" असं लिहिणाऱ्याला नाही म्हणणं समितीला अवघड जातं. माझं पहिलं फेटाळलेलं प्रपोजल नेमकं यामुळेच पडलं. एकही आधीचा आकडा नव्हता, नुसती स्वप्नं. शेऱ्यात एकच ओळ होती: नमुना शुद्ध असल्याचा पुरावा दिसत नाही. एक्सआरडीचं चित्र जोडायचं मीच विसरले होते. कुणाला दोष देऊ?

आणि सॅम्पलांचा क्रम ठरवून ठेव. एका केंद्रावर (नाव घेत नाही) मला तीन दिवस मिळाले होते. दुसऱ्या रात्री पावणेतीनला केबिनमध्ये भडंग खात बसले होते. समोरच्या स्क्रीनवर प्रोटॉनच्या प्रवाहाची हिरवी रेषा असते, ती धाडकन शून्यावर आली. मला वाटलं मीच काहीतरी दाबलं. बटणापासून हात चार फूट लांब होता तरी! बीम परत यायला सकाळचे साडेअकरा वाजले. भडंगाचा डबा संपला, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सगळ्या मावश्यांशी बोलून झालं. पण दारावर एक कागद चिकटवला होता: आधी हे सॅम्पल, मग हे, आणि वेळ कमी पडला तर शेवटची दोन सोडायची. म्हणून पेपर वाचला. नाहीतर मी हट्टाने शेवटचं सॅम्पल लावलं असतं आणि मधलं राहिलं असतं.

जाता जाता. तुम्ही सगळे फुलप्रॉफ या सॉफ्टवेअरमध्ये एक्सआरडीचं रिएटफेल्ड फिटिंग (आलेखाशी रचना जुळवून बघणं) करता ना? ती पद्धत मुळात न्यूट्रॉनसाठीच जन्मली. ह्यूगो रिएटफेल्ड यांनी साठच्या दशकात, नेदरलँड्समधल्या पेटनच्या अणुभट्टीवर. तुझं सॉफ्टवेअर माहेरी चाललंय असं समज.

---

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ६:५०

आता दिवसांचा हिशेब. सहा नमुने, तीन तापमानं, म्हणजे १८ रन. ध्रुववर तुझ्यासारख्या बारीक कणांच्या पावडरीचा नीट पॅटर्न यायला एका रनमागे २० तास धर. झाले ३६० तास, पंधरा दिवस. एवढे कोण देणार? मागितलेस तर समितीला कळतं की याने हिशेबच केलेला नाही.

सहा नमुने कशाला? झिंक शून्य, मधलं एक आणि चुंबकत्व घसरायला लागल्यानंतरचं एक. व्हीएसएमचा आलेख तुझ्याकडे आहे, त्यावर बोट ठेवून निवड, आणि का निवडलं ते लिही. तापमानं दोन: खोलीचं आणि एक कमी. ३ गुणिले २, सहा रन, १२० तास, पाच दिवस. सॅम्पल बदलायला, थंड व्हायला अर्धा दिवस वर. साडेपाच दिवस. हा आकडा वाचणाऱ्याला पटतो, कारण तो कुठून आला ते दिसतं.

---

फेराइटवाला | बुधवार, सकाळी १०:३५

सर, पण तिसरं तापमान क्युरी बिंदूच्या (ज्याच्या वर चुंबकत्व मोडतं) वरचं ठेवलं होतं. फेराइटमध्ये चुंबकीय शिखरं आणि स्फटिकाची शिखरं एकाच जागी येतात असं वाचलं. क्युरीच्या वर गेलं की चुंबकीय भाग जातो, मग उरलेल्यावरून कोण कुठे बसलंय ते स्वच्छ कळेल, असा विचार होता.

---

लालशाई | बुधवार, सकाळी ११:४०

हा विचार पहिल्या मसुद्यात नव्हता! असा विचार करणारा माणूस "सखोल अभ्यास" का लिहितो, देव जाणे.

पण फसाल. कोबाल्ट फेराइटचा क्युरी बिंदू ५०० अंश सेल्सिअसच्याही वर आहे. तेवढं तापवलंत तर धातू जागेवरून हलायला लागतील, आणि बारीक कण वाढतील ते वेगळंच. जे मोजायला गेलात तेच तुमच्या हातून बदलणार. घरात कोण कुठे झोपलंय हे बघायला दिवा लावावा आणि सगळ्यांनी उठून कूस बदलावी, तसं.

दुसरी वाट आहे. चुंबकीय विकिरण कोन वाढला की झपाट्याने मावळतं, केंद्रकाचं तसं मावळत नाही. म्हणून मोठ्या कोनांच्या शिखरांवरून जागा ठरवा, आणि त्या पक्क्या धरून लहान कोनांच्या शिखरांतून आघूर्णं काढा. हे एक वाक्य प्रपोजलमध्ये असलं की वाचणाऱ्याला कळतं, डेटा आल्यावर या मुलाला काय करायचंय ते माहीत आहे.

आणखी एक. समितीत कुणीतरी हमखास विचारणार, मॉसबॉअर (गॅमा किरणांनी लोखंडाची जागा बघायची पद्धत) का नाही? त्याचं उत्तर आधीच देऊन टाका. मॉसबॉअरला तुमच्या पदार्थात फक्त लोखंड दिसतं. कोबाल्ट कुठे आहे ते अंदाजाने काढावं लागतं. शिवाय कोबाल्ट फेराइटमध्ये ए आणि बीच्या रेघा एकमेकींवर चढतात, त्या सोडवायला मोठं चुंबकीय क्षेत्र लागतं.

---

तिसरी_घंटा | बुधवार, दुपारी १२:१५

मला अजूनही काही कळत नाहीये, पण नाटक रंगलंय. चालू द्या.

---

रात्रपाळी | बुधवार, रात्री ९:२०

सॅम्पलबद्दल कुणी बोललंच नाही. एक्सआरडीला चिमूटभर पुरते. न्यूट्रॉनला आपण पाच-सहा ग्रॅम न्यायचो, एकेका रचनेचं. व्हॅनेडियमच्या पातळ नळकांड्यात भरायचं. व्हॅनेडियम कशाला, तर न्यूट्रॉनला तो जवळजवळ दिसत नाही, त्याची स्वतःची शिखरं मध्ये लुडबुडत नाहीत. बटर पेपरची पुरचुंडी करून नळकांड्यात थोडी थोडी पावडर सोडायची, दर वेळी टेबलावर टकटक करायची. घाई केलीस तर वर फुगते, खाली पोकळी राहते. मी एकदा पुरचुंडीवर शिंकलो होतो. निळसर काळी पावडर शर्टाच्या खिशापर्यंत. तो शर्ट अजून आहे, बायको फेकू देत नाही, पुरावा म्हणून.

पावडर कोरडी हवी. सायट्रेटचे अवशेष, चिकटलेलं पाणी, काहीही असलं की हायड्रोजन आला. तो न्यूट्रॉनला सैरभैर उधळतो, आणि तुझी शिखरं धुक्यात जातात. भाजून ने. पण भाजलेलं तापमान आणि तास लिही, कारण भाजण्यानेही जागा बदलतात.

कोबाल्टचं भान ठेव. तो न्यूट्रॉन गिळतो, ३७ बार्न (गिळण्याचं माप), लोखंड जेमतेम अडीच. म्हणून नळकांडं जाड नको. आणि गिळलेल्यातून कोबाल्ट-६० तयार होतं, अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं. मात्रा नगण्य असली तरी बीममधून काढल्यावर आधी तपासणी होते, आणि सॅम्पल लगेच परत मिळेल असं धरून चालू नकोस. व्हीएसएमसाठी, मॉसबॉअरसाठी वाटा आधीच बाजूला काढून ठेव. फॉर्ममध्ये कोबाल्ट आहे हे ठळक लिही, लपवल्यासारखं वाटायला नको.

---

फेराइटवाला | शनिवार, रात्री १:०५

सगळ्यांचे आभार. यंत्राच्या शास्त्रज्ञांना घाबरत घाबरत मेल केला होता. चार तासांत उत्तर आलं! कणांचा आकार आणि भाजण्याचं तापमान विचारलं, आणि "आधी एकच सॅम्पल आणा, बघू" म्हणाले. नवा मसुदा असा:

"कोबाल्ट-झिंक फेराइटमध्ये झिंक वाढवल्यावर चुंबकत्व आधी वाढते व नंतर घटते. ही घट बी जागेतील आघूर्णे तिरकी झाल्याने होते, की कोबाल्टचा काही भाग ए जागेत गेल्याने, हे आमच्या व्हीएसएम मोजमापांवरून ठरत नाही. एक्स-रे लोखंड व कोबाल्ट यांत फरक करू शकत नाहीत, मॉसबॉअरला कोबाल्ट दिसत नाही. न्यूट्रॉनसाठी दोन्हींच्या विकिरण-लांबीत जवळपास चौपट फरक आहे. जागांची विभागणी मोठ्या कोनांच्या शिखरांवरून, आघूर्णे लहान कोनांच्या शिखरांवरून. नमुने तीन, तापमाने दोन, एकूण साडेपाच दिवस. वेळ कमी पडल्यास शेवटून वगळण्याचा क्रम सोबत दिला आहे."

सर वाचून म्हणाले, "ट्रान्सफॉर्मर कुठे गेला?"

---

लालशाई | शनिवार, सकाळी ९:००

सरांना सांगा, प्रस्तावनेत एका ओळीत ठेवलाय. आणि खरंच ठेवा, सही त्यांची आहे. "आमच्या व्हीएसएम मोजमापांवरून" म्हणताय तिथे आलेख जोडा. बाकी मला लाल करायला काही उरलं नाही.

---

उगाच_पोस्टडॉक | शनिवार, दुपारी २:४०

एक्सआरडीचं चित्र जोड!!! तिन्ही सॅम्पलांचं.

---

फेराइटवाला | पुढचा गुरुवार, रात्री १०:५०

धागा वर काढतोय. अर्ज सोमवारी गेला, सरांच्या सहीने, एक्सआरडीसकट.

आता ग्रॅमांच्या मागे लागलोय. ऑटो-कंबश्चनची एक बॅच जेमतेम दोन ग्रॅम देते. जेल फुगतं, ठिणगी धरतं आणि अर्धी पावडर बीकरमधून उडून फ्यूमहुडच्या काचेला चिकटते. काचेवरची खरवडून घ्यायचा मोह होतो, घेत नाही. एका रचनेच्या सहा ग्रॅमसाठी तीन बॅचेस, म्हणजे तिन्ही रचनांच्या मिळून नऊ. मिसळण्याआधी प्रत्येक बॅचचा एक्सआरडी वेगळा काढतोय. पहिल्या तीन स्वच्छ आल्या. चौथीत ३३ अंशांवर बारीकसं टोक दिसलं. हेमॅटाइट, म्हणजे नको असलेलं लोखंडाचं ऑक्साइड. लेबल लावून कपाटात वेगळी ठेवली.

पाचवीचं जेल आत्ता हॉटप्लेटवर आहे.

---

थळकर | पुढचा गुरुवार, रात्री ११:१०

खिडकी उघडी ठेव रे.